ताकातला चिमूटभर हिंग

मी एक जुनी हिंगाची डबी आहे. पितळेची, मुठीत मावणारी, आट्यांच्या झाकणाची. पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराने मला घडवले आणि झाकण इतके घट्ट बसवले की माझा वास माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडत नसे. मित्रांनो, हा माझा पहिला अभिमान. दुसरा असा, की १९९० साली मीनाक्षी लग्न होऊन प्रसन्नबरोबर दुबईला निघाली, तेव्हा वजन जास्त झाले म्हणून तिची विळी मागे राहिली, लोखंडी कढई मागे राहिली, पण मी मात्र विमानात बसले.

दुबईच्या करामा भागात दुसऱ्या मजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. प्रसन्न एका कंपनीत इंजिनिअर होता. पुढे पर्णिका झाली, शाळेत जाऊ लागली आणि आईच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देऊ लागली. माझे काम मात्र तेच होते. तेल तापले, मोहरी तडतडली की मीनाक्षीचा हात आपोआप माझ्याकडे यायचा. दर जुलैत सुट्टीला पुण्याला गेले की राजाभाऊ किराणावाल्यांकडून वर्षाचा हिंग साध्या कागदाच्या पुडीत यायचा आणि माझ्यात भरला जायचा. आमटीचे कौतुक झाले की मी ते आपल्याच नावावर जमा करून घेई.

१९९८ साली मीनाक्षी वाळू लागली. पोट फुगायचे, जिना चढताना धाप लागायची, केस हातात यायचे. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितले, की हा सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हाचा कण पोटात गेला की तिचे स्वतःचेच शरीर तिच्या आतड्यांवर उलटते. औषध एकच, गहू आयुष्यभर बंद.

त्या दिवसापासून ती ज्वारीची भाकरी खाऊ लागली. पिठे वेगळी, परात वेगळी, तवा वेगळा. दुकानात प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ती काही घेत नसे. पण नवऱ्याच्या आणि मुलीच्या डब्यासाठी पोळ्या तिलाच कराव्या लागत. नाकातोंडावर रुमाल बांधून ती कणीक मळायची. पोळी टम्म फुगली की क्षणभर तिच्याकडे बघत राहायची. होळीला तिने अकरा पुरणपोळ्या केल्या आणि स्वतः वाटीत नुसते पुरण घेऊन खाल्ले. तिला पोळी हवी होती, मित्रांनो. फार हवी होती. ओट्यावर तिच्या हाताशी असल्यामुळे मला ते कळत होते.

एवढे करूनही वजन वाढेना. एप्रिलमध्ये काटा एक्केचाळीसवर आला. मग तिने दूध सोडले, वांगे सोडले, शेंगदाणे सोडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तो प्रकार चालला होता. शेवटी ठरले, की मे अखेरीपर्यंत फरक पडला नाही तर मीनाक्षीने पुण्याला भावाकडे जाऊन राहायचे आणि तिथे उपचार घ्यायचे. किती महिने, ते कोणीच सांगू शकत नव्हते. पर्णिका शाळेसाठी बाबांजवळ राहणार होती. तिकीट काढले, माळ्यावरची बॅग खाली आली.

एके दिवशी जेवणानंतर प्रसन्नने विचारले, "मीनू, रागावू नकोस. डॉक्टर म्हणत होते, डाएट स्ट्रिक्ट असेल तर रिझल्ट दिसायलाच पाहिजे. तू लपून काही खातेस का?"

मीनाक्षी ताटे उचलता उचलता थांबली. "खाल्लं असतं तर चव तरी मिळाली असती," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

प्रसन्न वाईट नव्हता. तो घाबरला होता. तिचे पोट दुखते म्हणून रोज ऑफिसातून येताना तो खालच्या किराणा दुकानातून, बकाल्यातून, लबन, म्हणजे तिकडचे ताक, घेऊन यायचा. पोटाला हिंग बरा, हे त्याला आजीने शिकवलेले. तो स्वतःच्या हाताने मला उघडायचा, ताकात चिमूटभर हिंग ढवळायचा आणि तिच्या हातात पेला द्यायचा. त्या दिवशीही दिला. ती प्यायली. आपण तिला बरे करत आहोत, असे त्याला वाटत होते. मलाही तसेच वाटत होते.

रोजच्या ताकामुळे वर्षाचा हिंग मे महिन्यातच संपला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी दुबईच्या दुकानातला पाकीटबंद हिंग आला, प्रसन्नने आणलेला. मीनाक्षीने पाकीट फोडण्याआधी सवयीने उलटे केले, पण अक्षरे फार बारीक होती. तिने ते पर्णिकाला दिले.

पर्णिका वाचत वाचत थांबली. "आई, इट सेज व्हीट."

"हिंगात गहू?" प्रसन्न म्हणाला. "प्रिंटिंग मिस्टेक असणार. आपण तर नेहमी पुण्याचा वापरतो."

तरी त्याने पुण्याला फोन लावला. राजाभाऊंचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. "अहो, बांधानी हिंग म्हटला की त्यात कणीक आलीच. नुसता हिंग इतका उग्र असतो की आमटी कडू होईल. तुमच्या आजीपासून हाच नेताय की."

प्रसन्नने फोन ठेवला. मग म्हणाला, "मी तुला लपून खातेस का विचारलं. आणि रोज मीच पाजत होतो."

"मीही फोडणीत घालतच होते की," मीनाक्षी म्हणाली. मग खुर्चीवर बसून ती खूप रडली. आपली काही चूक नव्हती, हे आज पहिल्यांदा तिला नक्की कळले होते.

आणि मी? ज्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक नव्हते, त्या पोटाचा मी इतकी वर्षे तोरा मिरवला होता. माझी लाज कुणाला सांगू?

प्रसन्नने तिकीट महिनाभर पुढे ढकलले. त्या महिन्यात घरात हिंग आला नाही. काटा त्रेचाळीसवर गेला. "पुणं खलास," प्रसन्न म्हणाला आणि बॅग परत माळ्यावर ठेवली. वर्षभरात वजन पन्नास झाले. मीनाक्षी पर्णिकाचा हात धरून समुद्राकाठी फिरायला जाऊ लागली.

मला चिंचेने घासून मागच्या फळीवर ठेवले. आता मला कोणी हिंग लावून विचारत नाही. पुन्हा एकदा तेल तापावे आणि तिचा हात माझ्याकडे यावा, असे मला रोज वाटते. पण तसे होऊ नये, हेही कळते.

कधी कधी शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, बिनहिंगाची आमटी उकळत असताना, मीनाक्षी मला खाली काढते. झाकण उघडून नाकाशी धरते. आट्यांत अजून थोडा वास आहे. ती डोळे मिटते, मग झाकण लावून मला जागेवर ठेवते आणि साबणाने हात धुऊन पानावर बसते. मला हातात घेतल्यावर तिला हात धुवावे लागतात, याचे मला वाईट वाटते. पण ती जेवते, हे बघून बरेही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी पथ्यावर असेल. सगळे पाळूनही ते माणूस बरे होत नसेल, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी एक करा. आपण त्याला प्रेमाने काय भरवत आहोत, ते एकदा नीट वाचून बघा.