सगुणाच्या शेळ्या

"घरात जनावरं आहेत का, मावशी?" पेणच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगुणाला हसू आलं. "बकऱ्या हायेत की. पर ताप मला येतो, त्यांना नाय."

गणपतीपासून तो ताप तिला सोडत नव्हता. रोह्याला टायफॉइडची औषधं झाली, मग टीबीची शंका आली. अंग मात्र झिजतच चाललं. लहानपणी सांधे सुजले, तेव्हापासून तिच्या हृदयाची एक झडप अधू होती. आता त्या झडपेवर जंतूंनी घर केल्याचं इको तपासणीत दिसत होतं. पण कितीदा रक्त तपासलं तरी कुठला जंतू ते कळत नव्हतं.

"बकरी विताना कोण धरतं?"

"मीच. पिल्लू आडवं आलं तर आख्खं निडी गाव मलाच हाक मारतं."

डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं. शेळी विताना पडणाऱ्या वारेतून माणसात येणारा जंतू निघाला. नेहमीच्या तपासणीत तो उगवतच नाही. दीड-दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या, उन्हात फिरायचं नाही आणि शेळ्यांपासून लांब राहायचं.

"गोळ्या खाईन," सगुणा म्हणाली. "बकऱ्या नाय सोडायची. मालक गेले तवा त्यांनीच जगवलं मला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सोबत आलेल्या सुनेकडे, नूतनकडे पाहिलं. "हिला दिवस गेलेत ना? पोटातल्या बाळालाही हा जंतू वाईट. हिचंही रक्त तपासू."

नागोठणं मागे पडलं तरी एसटीत सगुणा नूतनच्या पोटाकडेच पाहत होती.

"आई, काय झालं?"

"काय नाय गो. हिरामणला फोन लाव."

नूतनच्या रक्तात काही निघालं नाही. सगुणाचा भाऊ हिरामण शेतावर एकटाच राहायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला हातमोजे कसे वापरायचे, वार कशी पुरायची ते समजावलं आणि तो शेळ्या न्यायला टेम्पो घेऊन आला.

शेळ्या टेम्पोला लावलेल्या फळीवर पाय ठेवीनात. हिरामण ओढून ओढून घामाघूम झाला. एक गाभण शेळी तर खाली बसूनच राहिली. सगुणा ओट्यावरून पाहत होती. शेवटी तिने पदर नाकाला बांधला, लांबून वळसा घालून टेम्पोच्या पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि रानातून परतताना घालायची तशी साद घातली.

"याऽ गो, याऽ!"

शेळ्यांनी कान टवकारले. गाभण शेळी उठली. एकामागून एक साऱ्या फळीवरून त्या आवाजाकडे चढून गेल्या.

हिरामणने टेम्पोचा मागचा फाळका लावला. इंजिन सुरू होईपर्यंत सगुणा साद घालत राहिली.