बाईंच्या पानावरची जाहिरात

शाळेनं मैदानावर नवी इमारत बांधायला काढली आणि बाईंची नोकरी गेली. मुख्याध्यापकांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मैदान नाही म्हणून खेळाचा तास नाही, आणि तास नाही म्हणून खेळाच्या बाई नाहीत. इतक्या गोड आवाजात सांगितलं, की बाईंना धड भांडताही आलं नाही. तेवीस वर्षं गळ्यात असलेली शिट्टी पर्समध्ये टाकून त्या घरी आल्या.

वेबसाइटची कल्पना त्यांची स्वतःचीच. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीच्या शिक्षिका त्यांना घेरायच्या. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची कंबर. बाई तिथल्या तिथे भिंतीला टेकून व्यायाम दाखवायच्या. हेच लिहून काढलं तर? बाजारातल्या एका दुकानात वेबसाइट करून देणारा माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त लिहीत राहा. लोक आले की जाहिराती येतात, जाहिराती आल्या की पैसे. तुम्ही झोपलात तरी पैसे येत राहतात."

बाईंची झोपच उडाली, ही गोष्ट वेगळी.

आतल्या खोलीतलं कपाट सरकवून त्यांनी भिंतीचा एक तुकडा मोकळा केला. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. कामावर निघण्याआधी तो मोबाइलवर फोटो काढून द्यायचा, पण एका डोळ्यानं घड्याळाकडे बघत.

"अहो, माझं डोकं कुठे गेलं यात?"

"गुडघे आलेत ना? लेख गुडघ्यांचाच आहे."

आठ महिन्यांत बाईंनी एकसष्ट लेख लिहिले. दिवसाला अकरा माणसं वेबसाइटवर यायची. त्यातल्या एक त्या स्वतः. जाहिराती देणाऱ्या कंपनीनं दोनदा अर्ज परत पाठवला. कारण एकच, 'मजकूर पुरेसा उपयुक्त नाही.' बाई संतापून घरभर फिरल्या. "तेवीस वर्षांत माझ्या तासाला एका पोराचा हात मोडला नाही, आणि हे मला उपयुक्त काय ते शिकवणार!" नवरा म्हणाला, "त्यांना कुठे माहितीये तुझा तास?" हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

तिसऱ्यांदा अर्ज मंजूर झाला. पुढच्याच महिन्यात 'खुर्चीत बसून गुडघ्यांसाठी पाच व्यायाम' हा लेख कुठल्याशा बायकांच्या ग्रुपवर गेला आणि तिथून पुढे पसरला. रोज हजारभर माणसं यायला लागली. बँकेत पहिली रक्कम जमा झाली, फार नव्हती, पण बाईंनी तो मेसेज नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला. तोही खुशीत येऊन म्हणाला, "आता फोटोत डोकंसुद्धा घेतो."

हे सुख दोन महिने टिकलं.

एका रविवारी सकाळी मोठी नणंद आली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि एका शिवणाच्या दुकानात काज-बटणांचं काम करायची. वजन भारी, गुडघे दुखरे, बोलणं मात्र अखंड. त्या दिवशी ती गप्प होती. चेहरा पांढराफटक, आणि भिंतीला धरत धरत ती खुर्चीपर्यंत आली.

"ताई, काय झालं?"

"तीन दिवस जुलाब थांबत नाहीयेत गं. अंगात त्राण नाही."

"बाहेरचं काही खाल्लंत का?"

"काही नाही. तुझं ते चूर्णच घेतेय फक्त."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माझं? माझं कुठलं चूर्ण?"

ताईंनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यावर बारीक कमरेची एक पोरगी हसत होती. पंधरा दिवसांत पोट सपाट, असं वर लिहिलं होतं. "हे काय. तुझ्याच पानावर होतं. तिसरा व्यायाम झाला की खाली."

बाईंनी मोबाइल उघडला. तिसऱ्या आणि चौथ्या व्यायामाच्या मध्ये तो डबा होता. अक्षरांचा रंगही त्यांच्या मथळ्यांसारखाच. 'लवकर फरक हवा आहे?' असं वर लिहिलेलं, आणि त्याच्या लगेच वर व्यायामाचा बाईंचा फोटो. डोक्यासकट.

"ताई, ही जाहिरात आहे. मी नाही दिलेली."

"मला काय ठाऊक? म्हटलं, आपल्या माणसानं सांगितलंय, म्हणजे चांगलंच असणार."

"आणि व्यायाम? ते केलेत का?"

ताईंनी नजर चुकवली. "चूर्ण होतं ना. मग कशाला?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रागवायचं कुणावर तेच कळेना. आधी त्या ताईंना रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, डबा स्वतःच्या खणात टाकला आणि म्हणाले, "हे बंद. भरपूर पाणी प्या, आराम करा." वाढदिवसाला मिळालेली वस्तू कुणी हिसकावून घ्यावी, तशा नजरेनं ताई त्या खणाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई त्या जाहिरातीच्या मागे लागल्या. कंपनीच्या पानावर जाहिरातींच्या प्रकारांची लांबलचक यादी होती. त्यांनी 'वजन कमी करणे' बंद केलं, तर तेच चूर्ण 'आरोग्य' म्हणून परत आलं. आरोग्य बंद केलं, तर 'सौंदर्य' म्हणून. बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यांनी पुन्हा सविस्तर लिहिलं, ताईंचं पोट वगैरे सगळं. पुन्हा अभिप्राय मोलाचा. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसतं 'मूर्ख आहात' असं लिहून पाठवलं. तोही अभिप्राय मोलाचाच निघाला.

मग त्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. वेबसाइटवाला खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरत म्हणाला, "मॅडम, फिटनेसच्या साइटवर हेच येणार. पैसे त्यातच आहेत. व्यायामाची जाहिरात कोण करेल? व्यायामात विकण्यासारखं आहे काय?"

घरी येईपर्यंत ते वाक्य बाईंच्या डोक्यात घुमत होतं. नवरा दारात बसून कसलीशी तांब्याची नळी घासत होता. त्यांनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं, "मी जाहिराती काढून टाकतेय. सगळ्या."

"चार पैसे यायला लागलेत तेवढ्यात? लोक काय इतके खुळे नसतात गं. वाचून, समजून घेतात."

"तुमची बहीण?"

त्यानं नळी उलटी करून दुसऱ्या टोकाला घासायला घेतली. म्हणाला, "ती पहिल्यापासून तशीच आहे." पण पुढे वाद घातला नाही.

जाहिराती काढल्या. काढण्याचेही वेबसाइटवाल्यानं पैसे घेतले. बाईंनी प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या पानावर मी काहीही विकत नाही. कुठलंही चूर्ण घेऊ नका.' आठवडाभरात त्याखाली चौदा बायकांचे प्रश्न आले. त्यातल्या अकरा जणींनी विचारलं होतं, ते चूर्ण आता कुठे मिळेल?

बाईंनी एकीएकीला उत्तर लिहिलं. पहिल्या तिघींना समजुतीनं. चौथीपासून बोटं जोरात आपटायला लागली. त्या चौदांतल्या दोघींनी मात्र वेगळंच विचारलं होतं. तुम्ही समोर उभं राहून शिकवाल का, आम्ही पैसे देऊ.

वाचनालयाच्या मागची खोली सकाळी रिकामी असायची. बाईंनी ती महिन्याच्या भाड्यानं घेतली. फरशी थंड, एक खिडकी उघडायची नाही, कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पहिल्या दिवशी दोघी येणार, असं धरून त्यांनी तीन खुर्च्या मांडल्या.

आल्या आठ जणी. दोघी त्या लिहिणाऱ्या. बाकीच्या पाच ताईंच्या शिवणाच्या दुकानातल्या, आणि त्यांच्या पुढे स्वतः ताई, अजून थोड्या फिक्या, पण तोंड पूर्ववत चालू.

"मी सगळ्यांना सांगितलं," ताई म्हणाल्या, "आमची वहिनी फार कडक आहे, पण मनापासून शिकवते. वेबसाइटबिबसाइट काही बघू नका म्हटलं, थेट चला."

बाईंनी मनात हिशोब केला. आठ महिने भिंतीला टेकून एकसष्ट लेख लिहिले, त्यावर दोघी आल्या. ताई दुकानात बटणं लावता लावता बोलल्या, त्यावर पाच. हसावं की ताईंना तिथल्या तिथे हाकलून द्यावं, हे त्यांना ठरवता येईना. वेबसाइटचं वर्षाचं भाडंही याच महिन्यात भरायचं होतं, आणि आपण ते भरणार, हेही त्यांना ठाऊक होतं. त्याचाच जास्त वैताग आला.

"खुर्च्या कमी आहेत," त्या म्हणाल्या. "पाच जणींनी भिंतीला उभं राहा. ताई, तुम्ही बसा. आणि आता दहा मिनिटं एक शब्द नाही."

"मी कुठे बोलतेय?" ताई म्हणाल्या, आणि शेजारणीला काहीतरी सांगू लागल्या.