मुकी लेझीम

धम्मप्रियाने खिडकीच्या फटीत उशी कोंबली, तरी बाहेरची लेझीम आत यायची ती आलीच. भीमजयंती तोंडावर आलेली. गल्लीच्या चौकात राजश्रीचं मुलींचं पथक सरावाला लागलं होतं, आणि इकडे अर्ध्या तासात लॅपटॉपवर हिची पीएचडीची तोंडी परीक्षा. परीक्षक परदेशातले, म्हणून घरूनच.

"आई, थोडा वेळ बंद करायला सांग की त्यांना."

शालन धुण्याच्या घड्या घालत होती. "न्हाय सांगणार. वर्षभर वाट बघत्यात पोरी."

"आणि माझी पाच वर्षं पाण्यात गेली म्हणजे?"

शालन उठली, कपाटातलं जुनं पातळ काढलं आणि दार ओढून निघून गेली. ऐन वेळेला हिला पातळ कसलं सुचतंय, म्हणून धम्मप्रिया चिडली.

परीक्षा सुरू होईतो बाहेर सामसूम झाली. आईने सांगितलंच शेवटी, पोरी हिरमुसून घरी गेल्या असणार. तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

मग ती बोलत राहिली. दीर्घिकांचे दोन अवाढव्य समूह एकमेकांवर आदळले, की त्यांच्यातल्या विरळ वायूतून धक्क्याची लाट निघते, आणि त्या लाटेच्या काठावरून रेडिओलहरी येतात.

"तिथे चुंबकीय क्षेत्र आहे हे कशावरून?" परीक्षकांनी विचारलं. "ते तर दिसत नाही."

"नाही दिसत, सर. पण धक्क्याने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती गिरक्या घेतात, म्हणून तर या लहरी निघतात. क्षेत्र नसतं, तर आपल्याला काहीच ऐकू आलं नसतं."

परीक्षक हसले. "अभिनंदन, डॉक्टर."

ती दार उघडून धावली आणि उंबऱ्यातच थबकली. पोरी कुठेच गेल्या नव्हत्या. चौकात धूळ उडत होती. रांगा पुढे सरत होत्या, वाकत होत्या, गिरक्या घेत होत्या, आणि छनछन म्हणून नाही. प्रत्येक लेझमीच्या चकत्या पातळाच्या चिंध्यांनी आवळलेल्या. हलगी पायरीवर गप्प पडली होती. मधोमध उभी राहून शालन हवेत हात हलवत ठेका देत होती.

"ताई, झाली का?" राजश्रीने दबक्या आवाजात विचारलं.

धम्मप्रियाने मान हलवली.

"सोडा गं आता गाठी," शालन म्हणाली.

राजश्रीची लेझीम मांडीवर घेऊन धम्मप्रिया पायरीवर बसली. गाठ काही सुटेना. डोळे भरून आलेले, तिला नीट दिसतही नव्हतं.

"किती घट्ट बांधलंयस, आई."

"मग? तुझी पाच वर्षं होती की त्यात."