हुदीतला लाल ठिपका

माणसाने निसर्गाचं जे जे वाकडं केलं, ते सरळ करण्याचं युगप्रवर्तक कार्य आमच्या खोऱ्याने शिरावर घेतलं होतं. खोऱ्याने म्हणजे आम्ही सात-आठ जणांनी. त्यांतल्या दोघांचे गुडघे बदललेले, एकाला खोल पाण्याची भीती, आणि आमचे अध्यक्ष त्सिरील यांना मासा खाल्ला की अंगावर पित्त उठतं.

गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाला आमच्या भाषेत 'कुटुंब' म्हणतात. शब्द योग्यच आहे. निम्मे लोक एकमेकांशी बोलत नाहीत आणि उरलेले निम्मे त्यांच्याविषयी बोलतात.

या कुटुंबाचा जीव एका ओढ्यात होता. त्याचं नाव हुदी, म्हणजे खुनशी. पूर्वजांनी ते थट्टेने ठेवलं नव्हतं. धबधब्याच्या वर, उन्हाला वाट न सापडणाऱ्या घळीत आमचा संगमरवरी ट्राउट मासा राहतो. अंगभर राखी-हिरवी नागमोडी नक्षी, लाल ठिपका एकही नाही. खाली सोचा नदीत आजोबांच्या काळात कुणा हौशी साहेबाने परका, लाल ठिपक्यांचा ट्राउट सोडला. त्याने आमच्या माशांशी संसार थाटला, आणि आता खाली जे पोहतं ते ना इकडचं ना तिकडचं. परक्याला धबधबा चढता येत नाही, म्हणून शुद्ध वंश वर हुदीत वाढवायचा असं कुटुंबाने ठरवलं. ठरवलं सगळ्यांनी, वाढवला अल्बिनने. माझा हा शेजारी दर वसंतात पिल्लांनी भरलेला दुधाचा कॅन पाठीला बांधून घळ चढायचा. बायको गेली त्या वसंतातही चढला. पुढे त्याच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं, तेव्हा डॉक्टरांना त्याने एकच प्रश्न विचारला, याला पाणी लागलं तर चालतं का?

त्या उन्हाळ्यात धबधब्याच्या वर पहिला लाल ठिपका सापडला.

मत्स्यसंस्थेतून एक बाई आल्या. आवाज मऊ, बोलणं सरळ. "मोठे परके मासे गळाने वेचून काढा. तेवढ्यावर भागेल. पण हुदीतच जन्मलेलं एक जरी मिश्र पिल्लू सापडलं, तर विजेचा झटका देऊन सगळा ओढा रिकामा करावा लागेल. कुणात किती मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही."

"आणि मग?" अल्बिनने विचारलं.

"मग पहिल्यापासून. पंधरा-वीस वर्षांत पुन्हा उभं राहील."

अल्बिनने दोनदा मान डोलावली आणि शर्टाचं वरचं बटण उगाच लावून घेतलं.

आम्ही वेचायला लागलो. लाल ठिपक्याचा मासा मिळाला की दगडावर एक टोला, आपला मिळाला की अलगद पाण्यात. एखादं पिल्लू हाती आलं की अल्बिन ते ओल्या तळहातावर धरायचा, एक कूस बघायचा, मग दुसरी, आणि तोवर आम्ही कुणी श्वास घेत नसू. दर वेळी नक्षी स्वच्छ निघायची.

पण एक गोष्ट बरोबर नव्हती. परके मासे धबधब्याजवळ कमी आणि वर जावं तसे जास्त मिळत होते. खालून चढून आले असते तर उलट असायला हवं होतं. हे वरून येत होते. आणि वर तर काहीच नव्हतं. कडे, धुकं, आणि शेवटच्या कुरणावर अल्बिनच्या पावलीना आत्याची झोपडी.

"कुणीतरी मुद्दाम सोडतंय," त्सिरील म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यातलं कुटुंब. जळतात आपल्यावर."

"त्यांना स्वतःचा ओढा सापडत नाही," मी म्हणालो, "आपला कुठून सापडणार?"

"अध्यक्षांशी बोलताना जरा सांभाळून."

"बरं. अध्यक्ष, तुमच्या पँटची चेन उघडी आहे."

सप्टेंबर संपत आला तेव्हा अल्बिन, त्सिरील आणि मी, असे तिघे वर निघालो. घळीत धुकं इतकं दाट की पुढच्याची पाठ दिसायची आणि डोकं नाही. गुरं केव्हाच खाली गेली होती, तरी वर कुठेतरी एक घंटा वाजत होती. मधूनच कड्यावरून दगड सुटायचा. तो सुटल्याचा आवाज यायचा, पडल्याचा यायचा नाही.

शेवटच्या डोहात अल्बिनच्या गळाला जड मासा लागला. काठावर ओढला तर हातभर लांबीचा परका, अंगावर रक्ताच्या थेंबांसारखे ठिपके. त्याच्या जबड्यातून दुसरी एक शेपटी बाहेर आली होती, राखी-हिरव्या नक्षीची. तीही अजून हलत होती.

त्सिरीलने टोपी काढली, आणि का काढली ते न कळून पुन्हा घातली.

घंटा पावलीना आत्याच्या एकुलत्या शेळीची निघाली. आत्या नव्वदीच्या पुढची. संत मिखाएलच्या सणापर्यंत ती खाली उतरत नाही. "या पोरांनो," ती आम्हा सत्तरीच्या तिघांना म्हणाली. "मक्याची पोलेंता गरम आहे. त्सिरील, तू वाढलास की नुसताच सुटलास?"

दारापुढे झऱ्याचं पाणी लाकडी कुंडीत पडत होतं. मी हात धुवायला वाकलो आणि थांबलो. कुंडीच्या तळाशी एक मासा नाक प्रवाहाकडे करून उभा होता. लाल ठिपके.

"आत्याबाई, हा काय?"

"काय म्हणजे? मासा. पाण्याला डोळा नको? किडे खातो, पाणी निर्मळ ठेवतो. पाण्यात कुणी काही कालवलं तर आधी तो मरतो, मग मला कळतं. लढाईच्या वेळी आईने असाच जीव वाचवला आमचा."

"आणि मोठा झाला की?" त्सिरीलचा आवाज चिरकला.

"कुंडीत वळता येईनासं झालं की सोडते ओढ्यात. उन्हाळाभर माझ्याबरोबर एका पाण्यावर राहिला, त्याला तळून खाऊ? कसाई आहे का मी?"

त्सिरीलने टाळी वाजवली. "सापडलं मूळ! आत्या, तुम्ही हुदी वाचवलीत! आता फक्त उरलेले वेचायचे. पण तुम्हाला हे मासे देतो कोण?"

आत्याने पोलेंता ढवळता ढवळता डाव अल्बिनकडे रोखला. "हा काय, उभा आहे. दर वसंतात येतो, पाठीवर मोठा कॅन, हातात माझ्यासाठी लहान."

पोलेंता भांड्यात एकदा फुटून उसळली.

"खालच्या गिरणीच्या तळ्यातला आणायचो," अल्बिन हळू म्हणाला. "आपला शुद्ध मासा कुंडीत कशाला वाया घालवायचा? आणि मला वाटलं, सणाला तू तो तळतेस."

"विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईने एकटीने काय खाल्लं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

"केव्हापासून सोडतेस?"

"तू आणायला लागलास तेव्हापासून."

अल्बिनने फळीवरचा पत्र्याचा मग घेतला आणि तो धुक्यात उतरला. झोपडीखाली ओढ्याचं पाणी उथळ पसरतं, पिल्लं तिथेच असतात. त्सिरील मोठ्याने बोलत राहिला, की घाबरायचं कारण नाही, मोठे वेचले की संपलं, बाईंनी स्वतः तसं सांगितलंय. थांबायची त्याला भीती वाटत असावी.

अल्बिन बराच वेळ आला नाही. मी दारात गेलो. तो गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा होता, पत्र्याचा मग छातीशी धरून. ते पाणी ओतून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मलाही नाही. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, ओत.

तो वर आला आणि त्याने पत्र्याचा मग टेबलावर ठेवला.

बोटभर पिल्लू. पाठीवर आपली नागमोडी नक्षी, आणि नक्षीच्या वळणांत, मोजून बसवल्यासारखे, लाल ठिपके.

"अजून आहेत," अल्बिन म्हणाला. "पुष्कळ."

आत्या मगावर वाकली. "बाई गं! किती गोड! दोघांचंही रूप घेतलंय."

त्सिरील बसला. एवढा वेळ तो उभा होता हे तेव्हा कळलं. "अल्बिन... हे फक्त आपणच पाहिलंय. आणखी एक वर्ष जर..."

"संस्थेच्या बाईंना कळव," अल्बिन म्हणाला. "मशिन घेऊन या म्हणावं. कुठून सुरुवात करायची ते मी दाखवीन."

"कसलं मशिन?" आत्याने विचारलं.

मी तिला सांगितलं. पाठीवर बॅटरी बांधून माणसं येतील, वरपासून खालपर्यंत पाण्यात वीज सोडतील, आणि मग हुदीत काही उरणार नाही.

आत्या अल्बिनकडे बघत राहिली. मग तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली, त्याच्या हातात चमचा दिला आणि त्याचा हात क्षणभर तसाच धरून ठेवला.

"एवढ्या बॅटऱ्या वर आणणारच आहेत," ती मला म्हणाली, "तर माझ्या रेडिओला दोन लहान घेऊन यायला सांग."