बाकाची जागा

सोमवारी गवंडी येऊन मागच्या अंगणात कोबा करून जाणार होता. बाबांनी ते परस्पर ठरवून टाकलं होतं. फोनवर कारण विचारलं तर म्हणाले, "केर काढायला सोपं." आई गेल्यापासून तीन महिने त्यांनी मागचं दारच उघडलं नव्हतं, तेव्हा केर कोण काढणार होतं देव जाणे.

मी शुक्रवारी पोचले आणि शनिवारी सकाळी नर्सरीत गेले. माझा हिशेब साधा होता. बाबा टेलर. वीतभर चिंधी टाकतानाही त्यांचा जीव वरखाली होतो. झाडं एकदा जमिनीत गेली की त्यांच्यावर ते सिमेंट ओतू देणार नाहीत.

यादी आईची होती. अर्ध्या अंगावरून वारं गेल्यावर ती दीड वर्ष मागच्या खोलीत पलंगावर होती आणि दर रविवारी फोनवर मला बाग सांगत होती. मी घरांचे नकाशे काढते, त्यामुळे तिच्या बागेचाही काढला होता, अगदी मापासकट. 'पुढच्या महिन्यात येऊन लावते' असं मी चार वेळा म्हटलं होतं.

नर्सरीवालीनं चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली.

"चिनी गुलाब, पुदिना, बुटकी लिली, जमिनीवर पसरणारी निळी फुलं... ताई, ही बाग मुंग्यांसाठी करताय का?"

"का?"

"सगळं गुडघ्याच्या खाली! एक तरी झाड मान वर करून बघायला नको? आणि हे पाखरांच्या पाण्याचं भांडं, स्टँड नको म्हणे, जमिनीवरच. मांजराला आयतं ताट वाढल्यासारखं होईल."

"यादीत आहे तसंच द्या."

"देते की. मला काय, माझी झाडं खपली." तिनं नकाशा फिरवून पाहिला. "पण हा बाक दोन ठिकाणी? इथे कोपऱ्यात शेजारच्या झाडाची छान सावली दाखवलीय. ती सोडून हा दुसरा पार मागच्या भिंतीशी, भर उन्हात? तोंड घराकडे! बसणाऱ्यानं बघायचं काय, मोरी?"

हेच सगळं मी आईला ऐकवलं होतं. "सावली सोडून उन्हात कोण बसतं, आई? हे माझं रोजचं काम आहे. मला कळतं." त्यावर ती म्हणाली होती, "कळतं हो. तुझा नकाशा, माझा बाक. भिंतीशीच ठेव." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी मी बाक दोन्हीकडे काढून ठेवला, सावलीत ठळक आणि भिंतीशी तुटक रेषेनं. तो वाद मिटायचा राहून गेला.

"बाक सावलीतच ठेवा," नर्सरीवाली म्हणाली. "लाकूडही टिकेल."

झाडं, भांडं, गुडघ्याएवढे दोन दिवे आणि बाक, सगळं दुपारी टेम्पोनं गल्लीत उतरलं. बाबा पुढच्या खोलीत मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "फूटपट्टी, गवंड्याला मी शब्द दिलाय."

लहानपणी मी त्यांची पट्टी पळवून भिंती मोजत असे, तेव्हापासून मी फूटपट्टी.

"दिला असू दे. शब्द परत घेता येतो."

"कापलेलं कापड परत जोडता येतं का?"

"अजून कापलंय कुठे?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

मागच्या खोलीतला भाड्याचा पलंग परत गेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार काळे ठसे तेवढे होते. दाराला बांबूचा पडदा अजून तसाच. आईच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे म्हणून तो टेबलाच्या उंचीपर्यंत खाली सोडून बाबांनी दोरीला गाठ मारून ठेवली होती. वाकून त्याच्याखालून मी दार उघडलं, आणि मुंग्यांची बाग म्हणजे काय ते लख्ख कळलं.

मी दोन ट्रंका ओढून चार ठशांच्या मधोमध जोडल्या, उशी घेतली आणि आडवी झाले.

पडद्याखालून अंगणाची एक पट्टी दिसत होती. नळ, मोरीची कड, मातीचा तुकडा. सावलीच्या कोपऱ्यातलं पिंप अर्धंच दिसत होतं. पट्टी लांब जाईल तशी वर चढत होती आणि मागची भिंत तेवढी माणसाच्या छातीच्या वरपर्यंत दिसत होती. मी नकाशे वरून काढते. आई दीड वर्ष इथून बघत होती. बाबा रोज मागे कपडे वाळत घालत, नळाशी भांडी घासत, आणि तिला त्यांचे फक्त पाय दिसत. उभ्या माणसाचा चेहरा या दारातून कुठेच दिसत नव्हता. बसलेल्याचा दिसला असता. तोही भिंतीशी बसला तरच, आणि घराकडे तोंड केलं तरच.

पडल्यापडल्याच मी बाबांना हाक मारली.

"दार कशाला उघडलंस?" बाबा उंबऱ्यात थांबले. गळ्यात टेप, कानाला खडू.

"बाबा, तुमचं स्टूल घ्या आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसा."

"हा काय पोरखेळ?"

"दोन मिनिटं. माप घ्यायचंय."

मापाला ते नाही म्हणत नाहीत. वाकून पडद्याखालून बाहेर गेले. त्यांचे पाय मातीवरून लांब जाताना मी पाहिले. ते बसले आणि दिसले. कपाळ, चष्मा, दाढीचे खुंट, सगळे.

"दिसताय," मी म्हटलं. "आईला बाक तिथे हवा होता. मी तिच्याशी भांडत होते."

ते दाराकडे, माझ्याकडे, ट्रंकांकडे बघत राहिले. उन्हानं डोळे बारीक झाले होते, तरी मान वळवली नाही.

"भांडी घासून झाली की ती हाक मारायची," ते म्हणाले. "टेलरसाहेब, जरा बसा की. मी म्हणायचो, बसायला वेळ कुणाला आहे?"

मी उठायला लागले.

"थांब, हलू नकोस. मी बरोबर मध्ये आलोय का?"

"थोडे डावीकडे. माझ्या डावीकडे."

ते स्टुलासकट सरकले. "आता?"

"आता मधोमध."

कानाचा खडू काढून त्यांनी भिंतीवर दोन फुल्या मारल्या, बाकाच्या दोन टोकांच्या. मग टेप सोडून त्यांच्यामधलं अंतर मोजलं आणि भिंतीकडे, वर, मान उंच करून पाहिलं.

"तिचं माप आहे, त्याला हात लावायचा नाही. खालचं सगळं यादीप्रमाणे," ते म्हणाले. "पण इथे ऊन मरणाचं आहे, फूटपट्टी. रोज बसायचं तर मागून वेल चढवावा लागेल. वरचं काय लावायचं ते आपण ठरवू. तुझ्या त्या नर्सरीत वेल आहेत का?"

"चिकार आहेत. ती खूश होईल."

"मग चल, बंद व्हायच्या आत जाऊ. गवंड्याला वाटेत सांगतो, कोबा नको. पण ये म्हणावं. बाकाचे पाय पक्के बसवून घेऊ."

आत येताना ते पडद्यापाशी वाकले. गाठीला हात लावला, क्षणभर थांबले आणि ती तशीच ठेवून चपला शोधायला पुढे गेले. मागचं दार उघडंच राहिलं.