मधलीचा वेग

स्क्रूच्या डोक्यावरचा लाल लाखेचा ठिपका तडकलेला होता... केसाएवढी चीर, पण आरपार गेलेली. म्हणजे लाख वाळल्यानंतर कुणीतरी हा स्क्रू फिरवला होता — कुणीतरी कशाला, मीच. मधुसूदनने लहानसा स्क्रूड्रायव्हर तसाच हवेत धरून ठेवला. पॅनेलचं दार उघडं, आत तीन इलेक्ट्रोडांचा वेग ठरवणारी तीन सर्किट कार्डं. पहिल्यावरचा ठिपका शाबूत, तिसऱ्यावरचा शाबूत, आणि मधल्याचा हा असा. चौकशीला आलेल्या तिघांनी याच दाराशी उभं राहून आत पाहिलं होतं, माना हलवल्या होत्या. कुणालाही ही चीर दिसली नव्हती.

"साहेब, करू का सुरू?" ऑपरेटरच्या टेबलापासून बन्सीने विचारलं.

भट्टी सकाळपासून बंद होती. करमाडच्या अलीकडचा हा पोलाद कारखाना वर्षातून दोनदा असा गप्प व्हायचा, आणि औरंगाबादहून रोज बसने येणारा मधुसूदन तेव्हा इलेक्ट्रोडांचं कॅलिब्रेशन करायचा. मांडीएवढ्या जाड तीन काळ्या कांबा झाकणातून भंगारावर उतरतात, टोक आणि भंगार यांच्यामध्ये वीज पेटते. भंगार वितळून खाली बसलं की कांबेनेही खाली यायचं, करंट फार वाढला की वर सरकायचं — हे आपोआप व्हावं, आणि नेमक्या वेगाने व्हावं, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षं तेच.

"मधली खाली घे."

बन्सीने लिव्हर दाबला. खांबावर खडूच्या दोन रेघा होत्या; वरचीपासून खालचीपर्यंत यायला नऊ सेकंद लागायला हवे होते. सहा लागले.

सहाच लागणार होते. मार्चमध्ये वरून सांगणं आलं, एकेका हीटमागे, भट्टीच्या एकेका घाण्यामागे, चार मिनिटं वाचवा, आणि त्याने मधल्या इलेक्ट्रोडचा वेग वाढवला — करून तर बघू, मग रजिस्टरमध्ये लिहू. लिहायचं राहिलं. आणि पुंजाराम, बन्सीचा थोरला भाऊ, भट्टीच्या दाराशी वीस वर्षं काढलेला — तो या तिघींना जावा म्हणायचा. थोरली, मधली, धाकटी, आज कोण रुसली, कोण कुरकुरायली, हे त्याला मीटरच्या आधी कानाने कळायचं. चहाच्या वेळी टॉवेलने मान पुसत तो म्हणाला होता, "साहेब, मधली लई जोरात उतरायली. आवरा तिला." आणि मी... मी बशीतला चहा संपवत म्हणालो, बघू.

त्यानंतर चौथ्या दिवशी भंगारातून काँक्रीटचा तुकडा आला. काँक्रीटमधून वीज जात नाही; करंट शून्य, म्हणून यंत्राला वाटलं कांब अजून वरच आहे, आणि ते तिला खाली दाबत राहिलं. जुना वेग असता तर ऑपरेटरने हाताने वर उचलली असती... उचलली असती का?... तीन सेकंद, फक्त तीन, पण तीन सेकंदांत माणूस केवढा लांब जाऊ शकतो... कांब मोडली, वितळलेल्या पोलादात पडली, लोळ दारातून बाहेर उसळला. दाराशी पुंजाराम होता. आवाज बदलला म्हणूनच बघायला गेला असणार. आठ दिवस दवाखान्यात, मग संपलं. चौकशीत मधुसूदनला विचारलं, सेटिंग बरोबर होतं? तो म्हणाला, हो. एकच अक्षर. अहवालात आलं — कामगार परवानगीशिवाय, घाईने दाराजवळ गेला. आणि त्यानंतर दोन महिने त्याने तो स्क्रू तसाच राहू दिला, कारण हात लावला असता तर लावलेला दिसला असता. दोन महिने त्याच दाराशी दुसरी माणसं उभी राहत होती, हे ठाऊक असून.

आता त्याने तो हळूहळू उलटा फिरवला. सात. आठ. पुन्हा थोडा... नऊ.

"आता कशी शिस्तीत उतरली," बन्सी म्हणाला. भावाच्या जागी त्याला घेतलं होतं. मग म्हणाला, "दादाचीच घाई लई व्हती, साहेब. वैनी अजून चिडती त्याच्यावर. म्हनती, लेकराबाळांचा इचार केला नाय, गेला धावत आगीकडं."

वैनी — चतुराबाई. मधुसूदन भेटायला गेला तेव्हा पाण्याचा तांब्या पुढे ठेवून ती म्हणाली होती, "त्यांच्यापायी तुमाला तरास झाला, साहेब." आणि ते पाणी तो प्यायला होता. अख्खा तांब्या.

"बन्सी." आपला आवाज त्याला पॅनेलच्या आतून आल्यासारखा वाटला. "त्याने घाई केली नव्हती. वेग मी वाढवला होता. त्याने मला सांगितलं होतं, आवरा म्हणून. मी ऐकलं नाही. आणि नंतर खोटं बोललो."

बन्सीचा हात लिव्हरवरच राहिला. मधुसूदन वाट पाहत राहिला — शिवीची, धावत येणाऱ्या पावलांची, गळपट्टीला पडणाऱ्या हाताची. या क्षणाची तालीम त्याने रोज केली होती, बसमध्ये, जेवताना, बायको मीनाक्षी काही बोलत असताना तिच्याकडे बघत... प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं.

बन्सी उठला. जवळ आला.

"कवा सांगितलं दादानं?" त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "दवाखान्यात त्याला बोलताच आलं नाय, साहेब. आमच्याशी येक शबूद नाय. तुमाला काय म्हनला? कसा म्हनला? जसं म्हनला तसंच सांगा."

या प्रश्नाला उत्तर तयार नव्हतं. दोन महिने पुंजाराम म्हणजे एक अहवाल होता, एक भीती, रोज थोडी आणखी खोल दाबून ठेवायची. उद्या काय होईल, हा बन्सी कुणाला सांगेल, नोकरी, घर — ते सगळं अजून होतंच, पण मागे कुठेतरी, अंधुक... आणि पुढे आला होता धगीने भुवया जळालेला एक माणूस, हसताना उजवा डोळा मिटणारा, दुपारी मिरचीचा ठेचा सगळ्यांपुढे फिरवणारा. तो आता कुठेच नाही. हे मधुसूदनला माहीत होतं, चौकशीच्या जबाबावर सही करून माहीत होतं, पण कळत होतं ते आत्ता, पहिल्यांदा, आणि बन्सी त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता.