बोटॉक्स नव्हतं ते

लक्ष्मी म्हात्रे पन्नाशी ओलांडेपर्यंत स्वतःच्या चेहऱ्याच्या वाटेला कधी गेली नव्हती. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मिठागरं. तरुणपण उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात गेलं. पुढे मिठागरं बंद पडली, जमिनींवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, कोपर स्टेशनच्या बाजूला म्हात्र्यांचं मोठं घर झालं. पण तोंडाला पावडरीपलीकडे काही लावायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते नयनच्या, म्हणजे लेकीच्या, साखरपुड्यानंतर. साखरपुड्याचा व्हिडिओ घरच्या मोठ्या टीव्हीवर लागला. सगळे नयनला बघत होते आणि लक्ष्मी स्वतःला. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरलेल्या दोन खोल रेघा तिला प्रत्येक शॉटमध्ये दिसायला लागल्या. शेजारी बसलेली जाऊ रखमाबाई सहज बोलून गेली, "अगो, तू माझ्यापेक्षा बारकी, पन दिसतंस मोठी." लक्ष्मी हसली खरी, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना.

गल्लीच्या तोंडाशी मंदाकिनीचं ब्युटी पार्लर होतं. बाई बोलकी, हाताची हुशार. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्याच हातून सजलेल्या. कुठलासा छोटा कोर्स करून आल्यापासून ती आतल्या खोलीत इंजेक्शनंही द्यायला लागली होती.

"बोटॉक्स करून घ्या काकू," मंदाकिनी म्हणाली. "सगळ्या हिरोइनी करतात. बसल्याजागी रेघा गायब."

शनिवारी सकाळी भाजीला जाते असं सांगून लक्ष्मी तिच्याकडे जाऊन बसली. नवऱ्याला, नाथाला, सांगितलं नाही आणि नयनलाही नाही. लेकीच्या लग्नात आई नटायला निघाली असं कोणी म्हणायला नको.

दोन्ही बाजूंना सुया टोचल्या आणि आरसा हातात आला. रेघा खरंच भरल्या होत्या. लक्ष्मीला आपल्याच चेहऱ्याची गंमत वाटली. फक्त उजवीकडे सुई गेली तेव्हा आतून जी कळ उठली होती, ती थांबत नव्हती. मंदाकिनीने बर्फ दिला आणि होतं असं म्हणाली.

दुपारच्या जेवणापर्यंत उजव्या नाकपुडीच्या बाजूची कातडी पांढुरकी पडली. मग वरच्या ओठापासून गालापर्यंत निळसर-जांभळी जाळी उमटली, थंडीत पाय उघडे ठेवल्यावर उमटते तशी. ताट घ्यायला आलेली नयन थबकली.

"आई, काय लावलंयस तोंडाला?"

लक्ष्मीला खोटं बोलायचं होतं, पण ठणका इतका होता की डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगून टाकलं. नयनने लगेच मंदाकिनीला फोन लावला. "सूज असेल, बर्फ लावत राहा, उद्यापर्यंत उतरेल," पलीकडून उत्तर आलं. नयनचं समाधान झालं नाही. कॉलेजात असताना पिंपल्ससाठी ती कल्याणला एका त्वचेच्या डॉक्टरांकडे जायची. तिने रिक्षा बोलावली, आईला ओढणी गुंडाळायला दिली आणि दोघी निघाल्या.

डॉक्टर प्रियांका साळवे टिटवाळ्याहून येत. शनिवारी त्यांचं क्लिनिक दुपारी बंद होई. दोघी पोचल्या तेव्हा त्या खांद्याला पर्स अडकवून दारातच उभ्या होत्या. लक्ष्मीने ओढणी बाजूला केली आणि सकाळी मंदाकिनीच्या पार्लरमध्ये काय झालं ते नयनने भराभर सांगितलं. डॉक्टरांनी एकदा बघितलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाल्या, "दर्शना, आपण थांबतोय. आधी फ्रिजमधली इमर्जन्सी औषधांची पेटी काढ."

लक्ष्मीला दिव्याखाली बसवून त्यांनी गालावर बोट दाबलं आणि उचललं. दाबलेली जागा पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. डाव्या गालावर तसंच करून बघितलं. तिथे गुलाबी रंग लगेच परत आला.

"काकू, नीट दिसतंय ना? एक डोळा झाकून सांगा. आता दुसरा. डोळ्यात दुखतंय का? डोकं?"

"नाय. दिसतंय सगला. गालच दुखतोय."

"बरं झालं. पार्लरवाल्या बाई काय टोचलंय म्हणाल्या?"

"बोटॉक्स," नयन म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "टोचल्या टोचल्या रेघा भरलेल्या दिसल्या का?"

"लगेच," लक्ष्मी म्हणाली.

"मग ते बोटॉक्स नाही. बोटॉक्स स्नायूला ढिला करतं, आणि त्याचा गुण यायला काही दिवस जातात. ते काही भरत नाही. बसल्याजागी भरतं ते फिलर. जेलीसारखा पदार्थ असतो. तो रक्ताच्या नळीत गेलाय किंवा नळीवर दाब देतोय, म्हणून पुढच्या कातडीला रक्त पोचत नाहीये. पण फिलरचेही प्रकार असतात. एक विरघळवता येतो, बाकीचे येत नाहीत. कुठला ते मला आत्ता कळायला हवं."

नयनने पुन्हा मंदाकिनीला फोन लावला. "तिला दाखवतेच आता! पोलिसात देते!"

"दे इकडे," डॉक्टर म्हणाल्या आणि फोन घेऊन स्पीकरवर ठेवला. लक्ष्मीला वाटलं, आता खरा आरडाओरडा होणार. पण डॉक्टरांचा आवाज शेजारणीशी बोलावं तसा निघाला.

"मंदाकिनीताई, मी डॉक्टर साळवे, कल्याणहून बोलतेय. मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. लक्ष्मीकाकूंच्या गालाला रक्त पोचत नाहीये आणि तो गाल तुम्ही आणि मी मिळून वाचवू शकतो. सकाळी कुठलं इंजेक्शन दिलंत?"

लक्ष्मीला गल्लीतल्या त्या पार्लरमधला पंखा फिरताना ऐकू येत होता.

"फिलर होतं मॅडम," मंदाकिनीचा आवाज आला. "बोटॉक्स म्हटलं की बायकांना कळतं, म्हणून तसं बोलते मी... मला कुठं माहीत होतं असं होईल..."

"हायलुरॉनिक ॲसिडचं का? विरघळणारं?"

"हो. तेच. उरलेली सिरिंज आहे माझ्याकडे."

"छान. ती घेऊन या. तोपर्यंत मी सुरू करते."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि लक्ष्मीसमोर स्टूल ओढून बसल्या. हातमोजे चढवताना त्यांनी ॲलर्जी, मधुमेह, चालू गोळ्या असं सगळं विचारून घेतलं.

"काकू, आता मी देतेय ते औषध त्या जेलीला विरघळवतं. एकदा देऊन भागणार नाही, पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. दुखेल. मी प्रत्येक वेळी सांगून टोचेन."

लक्ष्मीला काय झालंय ते तिच्या पद्धतीने उमगलं. "मंजे मिठागराचा पाट बुजतो तसा," ती म्हणाली. "कुठंतरी चिखल बसतो आन पुढचा कोंडा सुका राहतो."

"कोंडा म्हणजे?"

"मिठाचा वाफा."

"अगदी तेच झालंय. आपण चिखल काढतोय."

पहिल्या फेरीनंतर डॉक्टरांनी गाल हलक्या हाताने चोळला, कोमट फडकं ठेवलं, थांबल्या, बोट दाबून बघितलं. पांढरंच. दुसरी फेरी. लक्ष्मीने नयनचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या रुतल्या. पुन्हा वाट पाहणं. डॉक्टर दर वेळी स्वतः वाकून बघत होत्या, स्वतः फडकं बदलत होत्या. त्यांच्या घरून फोन आला तेव्हा त्यांनी "जेवून घ्या, मला उशीर होईल" एवढंच सांगितलं. "कशाला गेलात तिच्याकडे?" ह्या प्रश्नाची लक्ष्मी वाट बघून थकली, पण तो त्यांच्या तोंडून आला नाही.

मधेच मंदाकिनी आली. रुमालात सिरिंज गुंडाळलेली, डोळे सुजलेले. नयन उठून उभी राहिली. डॉक्टरांनी सिरिंज बघितली, "बरोबर सांगितलंत, यामुळे माझं काम सोपं झालं," म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. मंदाकिनी तिथे बसली ती शेवटपर्यंत उठली नाही.

आणखी एका फेरीनंतर डॉक्टरांनी गालावर बोट दाबलं, उचललं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "नयन, इकडे ये. बघ."

पांढऱ्या ठिपक्यात हळूहळू गुलाबी रंग भरत होता. डाव्या गालाइतका भरभर नाही, पण येत होता. तोपर्यंत धीराने बसलेली लक्ष्मी तेव्हा हुंदके देऊन रडली.

"रडा, पण गाल पुसू नका," डॉक्टर म्हणाल्या, आणि तिघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्यांनी क्लिनिक उघडून गाल तपासला. पुढचे काही आठवडे लक्ष्मी जात राहिली. नाकपुडीच्या बाजूला एक खपली धरली, पडली, बारीकसा फिकट डाग राहिला. हळदीच्या रात्री सगळ्यांनी इतकी हळद फासली की डाग कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नाथाला सगळं सांगून झालं होतं. तो बिचारा एवढंच म्हणाला, "मना सांगायचा होतास. मी आलो असतो संगती."

लग्नाची गडबड सरल्यावर शेवटच्या तपासणीला गेली तेव्हा लक्ष्मीने डॉक्टरांना विचारलं, "बाय, मंग ही सुया टोचायची सगली भानगड वाईटच का?" आता ती त्यांना मॅडम म्हणत नव्हती.

"वाईट नाही काकू. मी रोज देते. पण प्रत्येक सुईचं काम वेगळं." डॉक्टरांनी आरसा तिच्या हातात दिला. "कपाळाला आठ्या घाला. ह्या आठ्या स्नायू आवळल्याने पडतात, तिथे बोटॉक्स. तीन-चार महिन्यांनी उतरतं. आता चेहरा सैल सोडा. नाकाजवळची ही घळ चेहरा न हलवताही दिसतेय ना? इथलं मांस उतरलंय, तिथे फिलर, वर्षभर टिकतं. कातडी नुसती कोरडी, निस्तेज असेल तर पातळ जेलीचे बारीक थेंब देतात, त्याने कातडीत पाणी धरून राहतं, भर पडत नाही. आणि आपल्याच रक्तातला भाग काढून टोचतात तो प्रकार आणखी निराळा. सगळ्याला बोटॉक्स म्हणणं म्हणजे प्रत्येक गोळीला क्रोसिन म्हणण्यासारखं आहे."

लक्ष्मी आठ्या घालून आणि सोडून बघत बसली. मग म्हणाली, "आमच्या गावात येऊन सांगशील का हे? बायका ऐकतील तुजा."

डॉक्टर आल्या. गावदेवीच्या देवळामागच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. रखमाबाई पुढच्या रांगेत, आणि भिंतीशी मंदाकिनी. तिने आतल्या खोलीतली इंजेक्शनं बंद केली होती. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती साळवे मॅडमचा पत्ता देई. डॉक्टरांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, नावही घेतलं नाही. लक्ष्मीच मायकजवळ गेली, दिव्याखाली आपला गाल वळवून सगळ्यांना डाग दाखवला आणि काय घडलं ते मिठागराच्या पाटासकट सांगितलं.

रखमाबाईने हात वर केला. "पन मंग आमाला कसा कलायचा, कुनाकडं जायाचा?"

"तीन गोष्टी विचारा," डॉक्टर म्हणाल्या. "काय टोचताय? टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे का? आणि बिघडलं तर त्यावर द्यायचं औषध इथे ठेवलंय का? उत्तर द्यायला कुणी चिडलं, तर उठून या."

पाठीमागच्या बायका आपसात बोलायला लागल्या, कुणी कपाळाला आठ्या घालून शेजारणीला दाखवायला लागली. हॉलमध्ये एकच गलका झाला. प्रश्न संपेनात. डॉक्टरांचा चहा तसाच निवत राहिला, आणि लक्ष्मी दुसरा गरम कप आणायला उठली.